शोधताय कशाला, नीट मांडा ना!

आज शनिवार. पोहे खाऊन झालेत, बाहेर कुठे जायचं नाहीये, आणि डोक्यात आठवडाभर एकच ओळ भुणभुणतेय. ती बाहेर काढल्याशिवाय काही वीकेंड सुटायचा नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, आजचा लेख भांडणाचा आहे. पीएचपी लिहिणाऱ्यांशी भांडण. म्हणजे पर्यायाने स्वतःशीच, पण ते पुढे येईल.

तर ती ओळ अशी. तुमच्याकडे ऑब्जेक्ट्सचा एक ॲरे आहे. गिऱ्हाईकं म्हणा, वस्तू म्हणा, गोदामातले कप्पे म्हणा. प्रत्येक ऑब्जेक्टला एक कोड आहे. तुमच्या हातात एक कोड आहे आणि त्याचा ऑब्जेक्ट तुम्हाला हवाय. मग काय करायचं? ॲरे_कॉलम वापरून सगळे कोड बाजूला काढायचे, ॲरे_सर्चने त्यात आपला कोड शोधायचा, आणि जो क्रमांक हाती येईल तो तसाच्या तसा मूळ ॲरेच्या चौकोनी कंसात ढकलायचा. सगळं एका ओळीत. ओळ इथे चिकटवत नाही, कारण तुम्ही ती लिहिलेली आहे. नसेल लिहिलीत तर चिकटवली तरी नक्कीच आहे. "पीएचपी ऑब्जेक्ट ॲरे शोध" असं कुठेही विचारा, पहिल्या चार उत्तरांत ही भेटतेच, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, वा, किती सुटसुटीत!

माझं म्हणणं असं की पीएचपीत इतकी देखणी आणि इतकी खोटारडी ओळ दुसरी नाही. ती शोधत नाही, शोधल्याचं नाटक करते. आणि आपण सगळे, शिकलेसवरलेले बी.ई. झालेले लोक, वर्षानुवर्षं रिव्ह्यूमध्ये तिच्यापुढे टिकमार्क करत आलोय.

आता गोष्ट सांगतो. नावं नकोत.

भिवंडीकडे औषधांचं एक मोठं गोदाम होतं, आमच्या क्लायंटचं. मेडिकल दुकानांच्या ऑर्डरी यायच्या, पोरं हातात छोटं यंत्र घेऊन कप्प्याकप्प्यातून माल उचलायची आणि पॅकिंगच्या टेबलावर आणून टाकायची. यंत्रावर जे दिसायचं ते आमचं पान : अमुक कप्प्यात जा, अमुक गोळ्यांची इतकी पाकिटं घे. कप्प्याचा पत्ता साधा होता. आधी मजला, मग रांगेचं इंग्रजी अक्षर, मग कप्प्याचा नंबर. तळमजला म्हणजे शून्य. म्हणजे ०बी१२ म्हणजे तळमजला, बी रांग, बारावा कप्पा. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं होतं. रांगा ए ते डी अशा चारच होत्या.

मग दिवाळीनंतर गोदाम वाढलं आणि ई रांग उघडली.

महिनाभरात तक्रार आली. तळमजल्यावरच्या ई रांगेतला माल चुकीचा उचलला जातो, पॅकिंगच्या टेबलावर बिलाशी जुळत नाही. बरं, वरच्या मजल्यांवरच्या ई रांगेची काही तक्रार नाही. फक्त तळमजला. त्या रांगेवर एकच पोरगा असायचा, नवीन लागलेला, बावीस-तेवीसचा. सुपरवायझरने सरळ हिशेब केला : रांग एक, पोरगा एक, चुका त्याच्याच. चुकीमागे त्याच्या इन्सेंटिव्हमधून पैसे कापायला सुरुवात झाली. आम्हाला तक्रार आली ती सुद्धा "सिस्टिममध्ये काही गडबड आहे का" अशी नव्हतीच. तक्रार होती, "चुका कोण करतो त्याचा रिपोर्ट काढून द्या." आणि मी तो रिपोर्ट काढून दिला. पाय चार्टसकट.

नंतर दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेलो असताना तो पोरगा स्वतःहून आला. म्हणाला, "सर, मशीन मला सारखं ई-एकलाच पाठवतं." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "स्क्रीन नीट रिफ्रेश करत जा."

तो काही बोलला नाही. बोलणार तरी काय, मी साहेब ना!

घरी येताना कल्याण फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा ते वाक्य परत डोक्यात आलं. सारखं ई-एकलाच. म्हणजे कुठल्या तरी चुकीच्या कप्प्याला असं नाही, दर वेळी त्याच एका कप्प्याला. माणूस चुकतो तेव्हा असा चुकत नाही. माणूस आज सहाऐवजी नऊला जातो, उद्या सातऐवजी एकला. इतका नियमित चुकतो तो कोड.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिलं काम केलं ते म्हणजे दोन स्ट्रिंग घेतल्या, ०ई१ आणि ०ई७ (मधला ई अर्थातच इंग्रजी), आणि पीएचपीला विचारलं, या दोन्ही सारख्या का रे? दोन बरोबरच्या चिन्हांनी विचारलं. उत्तर आलं : हो.

ज्यांना हे माहीत आहे ते आत्ता कपाळाला हात लावून बसले असतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीएचपी दोन बरोबरच्या चिन्हांनी दोन स्ट्रिंगची तुलना करते तेव्हा आधी बघते की दोन्हीकडचा मजकूर आकड्यासारखा दिसतो का. दिसत असेल तर दोघांनाही आकडे करून तुलना करते. आणि आकड्यामध्ये ई असला तर तो शास्त्रीय पद्धतीचा घातांक, कॅल्क्युलेटरवर येतो तो. १ई३ म्हणजे एक गुणिले दहाचा तिसरा घात, म्हणजे १०००. आता ०ई१ काय? शून्य गुणिले दहा. शून्य. ०ई७? शून्य गुणिले एक कोटी. तेही शून्यच. म्हणजे तळमजल्यावरची अख्खी ई रांग पीएचपीच्या लेखी एकच कप्पा! वरच्या मजल्यावर १ई१ म्हणजे दहा आणि १ई७ म्हणजे एक कोटी, ते वेगळे, म्हणून तिकडे तक्रार नाही. ए, बी, सी, डी या अक्षरांना असा काही अर्थ नाही, म्हणून दीड वर्ष सगळं झकास. आमचं टेस्टिंग? ते अर्थातच ०ए१ ते ०ए५ वर झालं होतं :)

ॲरे_सर्च डिफॉल्टने अशीच ढिली तुलना करतं. तिसरा पॅरामीटर ट्रू दिला तरच ते तीन बरोबरवाली कडक तुलना करतं. इन_ॲरेचंही तेच. आणि त्या देखण्या ओळीत तो तिसरा पॅरामीटर कधीच नसतो. का? कारण दिला की ओळ लांबते, देखणी राहत नाही.

इथे एक शहाणा माणूस हात वर करतो आणि म्हणतो, अहो हे जुन्या पीएचपीचं, आठमध्ये सगळं सुधारलंय. नाही सुधारलं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० ने एक चांगली गोष्ट केली. आधी शून्य हा आकडा आणि "कखग" असली कुठलीही अक्षरी स्ट्रिंग सारखी ठरायची, ते बंद केलं. पण दोन्ही बाजूंना आकड्यासारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंग असतील तर ८.० नंतरही जुनाच कारभार चालू आहे. "००१२३" आणि "१२३" आजही सारखे. १ई३ आणि १००० आजही सारखे. सिक्युरिटीवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. २४०६१०७०८ या आकड्याचा एमडीफाइव्ह काढा, तो शून्य-ई ने सुरू होतो आणि पुढे नुसते आकडे येतात. असे दोन वेगळे पासवर्ड ढिल्या तुलनेत एकमेकांच्या कुलपाला लागतात. ते लोक यावर भाषणं देतात. आपण मात्र गोदामाचा पत्ता शोधताना हे सोयीस्कर विसरतो, कारण आपल्याला वाटतं हा काय पासवर्ड आहे का? नाही ना. एका माणसाचा पगार आहे फक्त.

बरं, तिसरा पॅरामीटर टाकला की ओळ सुधारली का? मला हेच सांगायचंय. नाही सुधारली. तिच्या पोटात अजून दोन विंचू आहेत.

एक. न सापडल्यावर काय होतं? ॲरे_सर्च फॉल्स परत देतं. तो फॉल्स आपण तसाच चौकोनी कंसात टाकतो. पीएचपीमध्ये ॲरेची की म्हणून फॉल्स दिला की त्याचा शून्य होतो. चूं नाही, चां नाही, वॉर्निंग नाही. म्हणजे जो कोड अस्तित्वातच नाही तो शोधला की तुम्हाला यादीतला पहिला ऑब्जेक्ट मिळतो. पहिला! म्हणजे गिऱ्हाईक सापडलं नाही तर पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावावर बिल फाडा. कुठल्या दुकानात असं चालतं? दुकानदार निदान "नाही हो, संपलंय" म्हणतो. आमची ओळ "आहे ना" म्हणून दुसरंच काहीतरी बांधून देते. आणि ज्यांना हे कळतं ते वर एक इफ टाकतात, जो सापडलं-तर असा असतो, आणि मग पहिलाच ऑब्जेक्ट खरोखर हवा असतो तेव्हा क्रमांक शून्य येतो, इफला तो खोटा वाटतो, आणि सापडलेली वस्तू सापडली नाही असं होतं. आगीतून फुफाट्यात.

दोन. हा जास्त चावरा आहे, कारण तो रोज चावत नाही. ॲरे_कॉलम जो कोडचा ॲरे बनवतं त्याला नवे क्रमांक देतं, शून्यापासून. मूळ ॲरेचे क्रमांक तेच असतील याची काहीही हमी नाही. समजा आधी तुम्ही ॲरे_फिल्टर लावून बंद पडलेले कप्पे काढून टाकलेत. ॲरे_फिल्टर जुन्या कीज तशाच ठेवतं, मधे भोकं पडतात : ०, १, ४, ५. पण ॲरे_कॉलमचे क्रमांक येणार ०, १, २, ३. आता चौथा कप्पा शोधा. क्रमांक मिळतो ३, मूळ ॲरेत ३ नाहीच. हे बरं, निदान वॉर्निंग तरी येते. तिसरा शोधलात तरी तेच. पण भोक एखादंच आणि यादी लांब असेल तर क्रमांक एकाने सरकतो आणि शेजारचा ऑब्जेक्ट मिळतो, बिनबोभाट. दुसरी तऱ्हा म्हणजे जेसनमधून आलेले ऑब्जेक्ट. त्यातल्या एखाद्याला कोड ही प्रॉपर्टीच नसते. ॲरे_कॉलम त्याला सरळ वगळतं, रांगेतला एक माणूस निघून गेल्यासारखं, आणि त्याच्यामागचे सगळे एक पाऊल पुढे. पुढच्या प्रत्येक शोधाला शेजारी मिळणार.

आणि हे कमी म्हणून की काय, एखाद्या दिवशी तुमचा एखादा सहकारी चांगलं काम करायला जातो. क्लासमधली प्रॉपर्टी पब्लिक आहे, ती प्रायव्हेट करतो, गेटर देतो. पुस्तकात लिहिलंय तसं. ॲरे_कॉलमला बाहेरून प्रायव्हेट प्रॉपर्टी दिसत नाही, क्लासमध्ये दोन जादूच्या मेथड नसतील तर. ते रागावत नाही, ओरडत नाही, रिकामा ॲरे देतं. रिकाम्या ॲरेत शोधलं की फॉल्स. फॉल्सचा शून्य. शून्याचा पहिला ऑब्जेक्ट. म्हणजे आता प्रत्येक शोधाचं उत्तर एकच! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि लॉग एकदम स्वच्छ.

(ॲरे_कॉलम आलं ५.५ मध्ये, जून २०१३ ला, आणि तेव्हा ते ऑब्जेक्टशी बोलतही नव्हतं. ते सुरू झालं ७.० पासून, डिसेंबर २०१५. म्हणजे ही ओळ तशी तरुण आहे. तरी इतकी पसरली. गाजरगवतासारखी.)

आता दुसरा पक्ष. तो म्हणतो, आम्ही ती ओळ वापरतच नाही, आम्ही ॲरे_फिल्टर वापरतो, फंक्शनल लोक आहोत आम्ही. छान. ॲरे_फिल्टर पहिला सापडला तरी थांबत नाही, शेवटपर्यंत जातं. बसमध्ये किल्ली शेवटच्या सीटवर सापडली तर ठीक, पण पहिल्या सीटवर सापडल्यावरही हा अख्खी बस तपासणार. आणि मग हे लोक उत्तरातला शून्यावा घटक मागतात, जो बहुतेक वेळा शून्याव्या जागी नसतोच, कारण कीज जुन्याच राहतात. मग ॲरे_व्हॅल्यूज लावायचं, किंवा रिसेट, किंवा करंट. तीन फंक्शनं एकात एक. वाचणाऱ्याने कांदा सोलायचा.

तिसरा पक्ष लॅरावेलवाला. आमच्याकडे कलेक्शन आहे, फर्स्टव्हेअर आहे, आम्हाला काय त्याचं! मालक, लॅरावेलचं व्हेअर आणि फर्स्टव्हेअर डिफॉल्टने ढिलीच तुलना करतात. डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय, म्हणून तर व्हेअरस्ट्रिक्ट वेगळं दिलंय. तुमची ई रांग आमच्याइतकीच बुडणार, फक्त जरा भरजरी कपड्यांत.

चौथा पक्ष सगळ्यात ताजा आणि त्याच्याबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. पीएचपी ८.४ आलं नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि त्यात शेवटी एकदाचं ॲरे_फाइंड आलं. एक ॲरे द्या, एक फंक्शन द्या, पहिला जुळणारा ऑब्जेक्ट घ्या, नसेल तर नल. सापडल्यावर थांबतं. न सापडल्याचं उत्तर स्पष्ट. तुलना तुम्ही स्वतः लिहिता, म्हणजे तीन बरोबर लिहिण्याचा विसर पडला तर तो तुमचा. चांगलं आहे, वापरा. फक्त जरा हिशेब बघा. रास्मुस लेर्डॉर्फने पीएचपी लोकांसमोर ठेवली १९९५ मध्ये. सी-शार्पला लिंक मिळालं २००७ मध्ये. जावास्क्रिप्टला, हो त्या जावास्क्रिप्टला, फाइंड मिळालं २०१५ मध्ये. आपल्याला २०२४. यादीतून एक वस्तू शोधणं, ही सोय भाषेत यायला २९ वर्षं. मधल्या काळात आपण चोवीस तास ॲरेच खात-पीत होतो. असो.

तर मग मी स्वतः काय म्हणतो? दोन गोष्टी म्हणतो आणि दोन्ही जुनाट आहेत.

पहिली. एकदाच शोधायचं असेल, यादी वीस-पंचवीसची असेल, तर फॉरईच लिहा. चार ओळी. प्रत्येक ऑब्जेक्ट घ्या, तीन बरोबरने तुलना करा, जुळला की परत द्या, लूप संपला तर सापडलं नाही असं तोंडाने सांगा. नल द्या, नाहीतर एक्सेप्शन फेका. यात लाजण्यासारखं काय आहे? इंटरव्ह्यूला मुलं येतात, फॉरईच लिहिताना ओशाळतात. "सर, एका ओळीतपण होतं" म्हणतात. अरे होतं, पण तू चार ओळीत लिहिलंस त्यात मला तीन निर्णय दिसतात : तुलना कशी, थांबायचं कधी, नसेल तर काय. एका ओळीत हे तिन्ही निर्णय कुणीच घेतलेले नसतात. ते पीएचपीच्या डिफॉल्टने घेतलेले असतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बहुतेक वेळा आपण एकदाच शोधत नसतोच. आपण लूपमध्ये शोधतो. ऑर्डरीच्या चार हजार ओळी आहेत, प्रत्येकीसाठी बारा हजार कप्प्यांतून एक कप्पा शोधायचाय. चार हजार गुणिले बारा हजार, चार कोटी ऐंशी लाख. तेवढ्या वेळा कुणाच्या तरी दाराची कडी वाजवायची. आणि त्या देखण्या ओळीत तर प्रत्येक वेळी ॲरे_कॉलम बारा हजारांचा नवा ॲरे बांधतं, वापरतं, फेकून देतं. चार हजार वेळा.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात फळीवर तीसेक डबे होते, एकावरही नाव नाही, आणि तिने कधी डबा शोधला नाही. हात वर जायचा तो हिंगाच्या डबीवरच जायचा, कारण ती डबी कुठे ठेवायची ते ठेवतानाच ठरलेलं होतं. शोधायचे ते आम्ही, सुट्टीत गेलेली पोरं, एकेक झाकण उघडून.

पीएचपीचा ॲरे मुळात आजीची फळीच आहे. आतून तो हॅशटेबल आहे. की दिली की तो थेट तिथे हात घालतो, यादी बाराची असो की बारा हजारांची, फरक जवळजवळ शून्य. एवढं फुकट मिळालेलं असताना आपण त्याला शून्य, एक, दोन, तीन असे निरर्थक नंबर देतो आणि मग झाकणं उघडत बसतो. काखेत कळसा नि गावाला वळसा याहून वेगळा काय असतो? लूपच्या आधी एकदा सगळे कप्पे त्यांच्या कोडखाली मांडून ठेवा. चक्क ॲरे_कॉलमनेच होतं हे. दुसरा पॅरामीटर नल द्या, तिसरा कोड द्या, म्हणजे अख्खे ऑब्जेक्ट त्यांच्या कोडखाली लागून मिळतात. मग लूपमध्ये फक्त मांडणीतून उचलायचं. नसेल तर दोन प्रश्नचिन्हं आणि थ्रो, ८.० पासून ते एका ओळीत बसतं, हौस असेल तर.

आणि गंमत बघा. ॲरेच्या कीमध्ये ढिली तुलना नसते. फक्त साध्या पूर्णांकासारखी दिसणारी स्ट्रिंग, "७" वगैरे, तिचा आकडा होतो. "०७" स्ट्रिंगच राहते. ०ई१ आणि ०ई७ सुद्धा स्ट्रिंगच राहतात, दोन वेगळ्या कीज, दोन वेगळे कप्पे. म्हणजे आम्ही पहिल्या दिवशी नीट मांडलं असतं तर तीन बरोबरची अक्कल नसतानाही हा घोळ झाला नसता.

एक खड्डा मात्र इथेही आहे, तो लपवत नाही. दोन ऑब्जेक्टचा कोड एकच असेल तर शेवटचा राहतो, आधीचा गुपचूप पुसला जातो. म्हणून माझ्यासारख्या पोळलेल्या माणसाने ॲरे_कॉलमऐवजी स्वतःचा फॉरईच लिहावा आणि आत बघावं, ही जागा आधीच भरलेली आहे का? असेल तर तिथेच बोंब मारावी. आमच्याकडे हे केलं त्या दिवशी दोन कप्प्यांवर एकच पत्ता चिकटवलेला सापडला. गोदामात. खराखुरा स्टिकर.

वेगाबद्दल मुद्दाम कमी बोलतोय. या विषयावर लोक बेंचमार्क टाकतात, फॉरईच इतके मायक्रोसेकंद, ॲरे_सर्च तितके. चार कोटी ऐंशी लाख तुलना आजचं मशीन चहाचा घोट घेईपर्यंत उरकतं. म्हणून तर ही ओळ टिकून राहिली, जाणवण्याइतकी हळू असती तर कुणीतरी उघडून तरी बघितली असती. माझं भांडण सेकंदांशी नाही. हो म्हणणाऱ्या खोट्या उत्तराशी आहे.

आणि डेटाबेसवाल्यांनो, थांबा, येतोय तुमच्याकडे. "मुळात बारा हजार ऑब्जेक्ट मेमरीत आणलेतच कशाला, क्वेरीत व्हेअर टाका." मान्य. शंभर टक्के मान्य. एकच कप्पा हवा असेल तर डेटाबेसलाच विचारा, त्याच्याकडे इंडेक्स आहे आणि त्याचं पोट त्यावरच आहे. पण मग लूपच्या आत चार हजार क्वेऱ्या मारू नका म्हणजे झालं. आणि मायएसक्यूएलमध्ये त्या कोडभोवती अवतरणं विसरून आकडा पाठवलात तर तोही मजकुराच्या कॉलमचे आकडे करून तुलना करतो, आणि इंडेक्स बाजूला पडतो तो वेगळाच. ढिलेपणा हा काही पीएचपीचा पेटंट नाही.

आता राहिलेली गोष्ट.

बग सापडला त्या दिवशी मी हिस्ट्री काढली, ती ओळ कुणाची ते बघायला. लिहिली होती एका ज्युनिअरने. रिव्ह्यू माझा होता. खाली मी लिहिलं होतं, "मस्त, एका ओळीत बसवलंस."

दुरुस्ती त्याच संध्याकाळी गेली. रिलीज नोटमध्ये वाक्य गेलं, "कप्पा शोधण्यातील किरकोळ त्रुटी दुरुस्त." मी मॅनेजरला म्हटलं, आपण हे स्पष्ट लिहूया ना, की त्या महिन्यातल्या तळमजला ई रांगेच्या चुका सिस्टिमच्या होत्या, त्या मुलाच्या नव्हत्या. तो म्हणाला, "अरे, क्लायंटने विचारलंय का? नाही ना? मग कशाला अंगावर ओढून घ्यायचं?" मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरला फोन केला, आपला आपण, कंपनीच्या नावाने नाही. सगळं सांगितलं, शून्य-ई वगैरे सोडून, सोप्या भाषेत. तो ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, तो पोरगा गेला की सोडून. मागच्या आठवड्यातच." पैशांचं विचारलं. "बघतो," म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती दिली गेली होती, आणि फाशीचा दोर मी काढून दिलेला तो पाय चार्ट होता.

त्या मुलाचा नंबर मिळाला नाही. नावही मला पूर्ण माहीत नव्हतं, रिपोर्टमध्ये फक्त कर्मचारी क्रमांक होता.

परवा, म्हणजे हा लेख डोक्यात सुरू झाला तेव्हा, मी आमच्या जुन्या रेपोमध्ये शोध घेतला, ॲरे_सर्च आणि त्याच ओळीत ॲरे_कॉलम. सतरा ठिकाणी सापडलं. तिसरा पॅरामीटर असलेली दोन. न सापडल्याची काळजी घेतलेलं एक. नऊंच्या रिव्ह्यूवर माझं नाव आहे. पाच काल रात्रीपर्यंत बदलून झालेत, आता चहा टाकतो आणि सहाव्याला बसतो. त्यातल्या एका ठिकाणी आपण कुणाचा तरी हजेरीपट शोधतोय.